फोल्डिंग सायकलसाठी हलका ट्रेलर: नागपुरात निवडताना काय मोजलं, काय तपासलं

फोल्डिंग सायकलला ट्रेलर घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी ट्रेलर बघतात: पिशवीचा की पाटाचा, एका चाकाचा की दोन. आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. आधी सायकलचा मागचा एक्सल, मग जोड (सायकल आणि ट्रेलर यांना जोडणारा भाग), मग ओझं आणि सगळ्यात शेवटी ट्रेलर. मोठ्या चाकांच्या सायकलवर सहज बसणारे कितीतरी जोड २० इंची फोल्डिंगवर बसत नाहीत. काही बसतात, पण मग सायकल दुमडता येत नाही. दुमडता येत नसेल तर फोल्डिंग घेण्यात अर्थ उरत नाही, म्हणून हा क्रम.

सायकल नेहमीची: २० इंची चाकं, ७ गिअर, व्ही-ब्रेक, वजन १२ किलोच्या आसपास. कामंही ठरलेली. गोकुळपेठ बाजारातून आठवड्याची भाजी, मोसमात संत्र्यांचं एक कॅरेट, उन्हाळ्यात २० लिटरचा पाण्याचा जार. घर फ्लॅट स्कीममध्ये वरच्या मजल्यावर, म्हणजे सायकल आणि ट्रेलर दोन्ही उचलून नेणं आलंच. भरलेलं कॅरेट २० ते २२ किलोचं, जार २० किलोच्या थोडा वर, भाजी कितीही घेतली तरी १५ किलो. म्हणून २५ किलो ही मर्यादा धरली. ४०-४५ किलो झेपणारा ट्रेलर त्या मानाने जड असतो, आणि जागा मोकळी दिसली की ती भरली जातेच. पाटाचं मापही कॅरेटवरूनच घेतलं. बाजारात फिरणारं प्लास्टिकचं कॅरेट साधारण ५४ सेंमी लांब आणि ३६ सेंमी रुंद असतं, त्यामुळे पाट ६० बाय ४० सेंमी पुरे.

सुरुवातीलाच सायकलचं माहितीपुस्तक काढून वाचा. ट्रेलर लावू नये असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल तर वॉरंटी तिथेच संपते. एकूण वजनाची मर्यादाही त्यातच सापडते. फोल्डिंगमध्ये ती बहुधा १०५-११० किलोच्या आसपास असते. ट्रेलरचं ओझं त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण ते थांबवायचं काम मात्र सायकलच्याच ब्रेकचं.

आता एक्सल. दोन चाकी ट्रेलरचा जोड बहुतेक करून मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला बसतो, कारण उजवीकडे डीरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग असतो. नटाचा एक्सल असेल तर डावा नट १५ नंबरच्या पान्याने काढायचा, चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या सांगाड्याच्या भागाच्या) बाहेरून जोडाची लोखंडी पट्टी घालायची आणि त्यावर नट परत घट्ट करायचा. पट्टीची जाडी ३ ते ५ मिमी. तेवढी जागा गेल्यावरही नटाचे सगळे आटे एक्सलवर बसले पाहिजेत, एक्सलचं टोक निदान नटाच्या तोंडाशी आलं पाहिजे. येत नसेल तर लांब एक्सल टाकून घ्या, काम किरकोळ आहे. मात्र आटे तपासा: १० मिमीचा मेट्रिक एक्सल आणि ३/८ इंची देशी एक्सल डोळ्यांना सारखेच दिसतात, एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातोही, पण पुढे रेटला की आटे मरतात. क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय खटक्याने उघडणारा एक्सल असेल तर लांब दांडा लागतो, आणि तो नटात किमान पाच पूर्ण फेरे गेला पाहिजे.

त्याच डाव्या कोपऱ्यात आणखी दोन भाग जागेसाठी भांडतात. एक म्हणजे मागच्या चिमट्याला लावलेलं साईड स्टँड. त्याची पकड एक्सलजवळ असेल तर पट्टी सपाट बसत नाही, आणि सपाट न बसलेली पट्टी कितीही घट्ट केली तरी सैल होते. तिथे मधलं स्टँड लावून घेणं बरं. शिवाय ट्रेलर जोडलेला असताना साईड स्टँडवर सायकल नीट उभीही राहत नाही, ट्रेलर तिला ढकलतो. दुसरा भाग दुमडल्यावर दोन्ही चाकं एकमेकांना धरून ठेवणारा लोहचुंबक. कित्येक मॉडेलमध्ये तो एक्सलच्या टोकाशीच असतो. म्हणून नुसती पट्टी लावायची, ट्रेलर न लावता सायकल दुमडायची आणि पट्टी समोरच्या चाकाच्या आऱ्यांना लागते का, चुंबक चिकटतो का, हे बघायचं. ही तपासणी दुकानातच करा, पैसे देण्याआधी.

मधल्या बिजागरीची काळजी अनेकांना वाटते. सायकल पुढे जाताना पेडलचा जोर मागच्या चाकातून येतो आणि ट्रेलरची ओढही त्याच एक्सलवर लागते, त्यामुळे ती ओढ बिजागरीपर्यंत जात नाही. बिजागरीवर ताण येतो तो पुढचा ब्रेक दाबल्यावर: पुढचं चाक थांबतं, मागून ट्रेलर ढकलतो आणि तो सगळा दाब मधून जातो. बिजागरीची खिटी बंद करताना हाताला चांगला जोर लागला पाहिजे. सहज बंद होत असेल किंवा ब्रेक मारताना कुरकुर येत असेल तर आधी ती कसून घ्या.

सीटच्या पाईपला अडकणारे ट्रेलरही मिळतात. अमेरिकेतल्या बर्ली कंपनीचा ट्रॅव्हॉय हा त्यातला ओळखीचा नमुना. दोन छोटी चाकं, उभी चौकट, २७ किलोपर्यंत क्षमता, आणि सायकलवरून काढला की हातगाडीसारखा ओढत बाजारात फिरवता येतो. चालणं जास्त आणि सायकल कमी असेल तर तो खरंच चांगला. फोल्डिंगला मात्र दोन अडचणी येतात. साध्या सायकलीचा सीट पाईप २७ मिमीच्या आसपास असतो, फोल्डिंगमधल्या डाहोन आणि टर्न कंपन्यांचा ३३.९ मिमी, ब्रॉम्प्टनचा ३१.८ मिमी. पकड तेवढी उघडते का हे मोजूनच घ्यावं लागतं. शिवाय सायकल दुमडताना सीट पाईप खाली सरकवायचा असतो, म्हणजे पकड प्रत्येक वेळी काढा आणि परत लावा. आम्हाला जास्त खटकली ती ब्रेकची बाब. ट्रेलर आणि ओझं मिळून ३० किलो धरले आणि बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला, तर साधारण ९ किलोचा धक्का मागून येतो. तो ७० सेंमी उंचीवर लागला तर फोल्डिंगच्या मीटरभर चाकांतरावर मागच्या चाकावरचा सहा किलोंहून जास्त भार पुढे सरकतो. एक्सलच्या उंचीवर, म्हणजे २५ सेंमीवर लागला तर दोन-सव्वादोन किलोच. भार कमी झालेलं मागचं चाक ओल्या सिमेंट रस्त्यावर लवकर घसरतं. म्हणून आम्ही एक्सलचा जोड घेतला.

एका चाकाचा ट्रेलर अरुंद असतो, गर्दीतून छान निघतो. पण तो सायकलबरोबर कलतो, म्हणून त्याचा जोड एक्सलच्या दोन्ही बाजूंना लागतो, आणि ओझ्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा भार सरळ सायकलच्या मागच्या चाकावर येतो. २० इंची चाकाच्या मागे, आखूड सायकलवर, ९-१० किलो असे टांगले की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल वळवळतं. शिवाय थांबल्यावर ट्रेलर आडवा पडू नये म्हणून सायकल धरून उभं राहावं लागतं. लांबच्या प्रवासाला, खडबडीत पायवाटेला तो योग्य. बाजाराला दोन चाकंच.

दोन चाकी ट्रेलरच्या जोडाला तीन हालचाली मोकळ्या हव्यात: वळणावर डावी-उजवी, गतिरोधकावर वर-खाली, आणि सायकल कलली तर पीळ. तिसरी हालचाल नसेल तर सायकल कलताच ट्रेलरचं एक चाक उचललं जातं. बॉल जॉइंट, युनिव्हर्सल जॉइंट किंवा जाड रबराचा तुकडा, तिन्ही चालतात. रबर आवाज करत नाही, हिसके गिळतं, पण आपल्याकडच्या उन्हात कडक होऊन त्याला चिरा पडतात, म्हणून दर उन्हाळ्यानंतर ते वाकवून बघायचं. जोड कोणताही असो, दांडीपासून सायकलच्या चिमट्याला वेढा घालून येणारा नायलॉनचा जाड पट्टा हवाच. जोड निखळला तर ट्रेलर त्या पट्ट्यावर राहतो, मागून येणाऱ्या ऑटोसमोर जात नाही.

उंचीचा हिशेब असा. २० इंची चाकाला ४७ मिमीचा टायर असेल तर एक्सल जमिनीपासून २५ सेंमीवर. ७०० मिमीच्या सायकलीचा साधारण ३४ सेंमीवर. म्हणजे मोठ्या सायकलीसाठी केलेल्या ट्रेलरची दांडी इथे ९ सेंमी खाली येते आणि ९५ सेंमी लांबीवर पाट पाचेक अंश पुढे झुकतो. त्याने जोडावरचा भार फारसा वाढत नाही. २५ किलोचं ओझं पाटावर ३५ सेंमी उंच धरलं तरी वाढ एक किलोच्या आतच. त्रास होतो तो वेगळा: ओझं पुढे घसरतं, आणि वाकडी दांडी जिथे सगळ्यात खाली येते तिथे ती गतिरोधकाला घासते. दांडीचा खालचा बिंदू जमिनीपासून किमान १५ सेंमी राहील असं बघायचं. आपल्या गल्ल्यांतले लोकांनी स्वतःच घालून घेतलेले गतिरोधक कोणत्याच मापात बसत नाहीत, त्यामुळे १५ च्या खाली अजिबात नको.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते ओझं कुठे ठेवायचं याकडे. बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की गाडी उलळते, जू वर उचललं जातं. ट्रेलरमध्येही तेच, फक्त बैलाच्या मानेऐवजी सायकलचं मागचं चाक. ओझ्याचा मध्य ट्रेलरच्या एक्सलच्या मागे गेला तर दांडी सायकलला वर उचलते, आणि १८-२० किमी वेगाला ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. फार पुढे गेला तर फोल्डिंगच्या मागच्या चाकावर नको तितका भार येतो. बरोबर जागा म्हणजे मध्य एक्सलच्या ६ ते ८ सेंमी पुढे. २५ किलोला, ९५ सेंमी दांडीवर, जोडाशी येणारा भार दोन किलोच्या आतबाहेर. हे अंदाजाने करायची गरज नाही. प्रवासाच्या बॅगा मोजायचा टांगता काटा दांडीच्या टोकाला अडकवायचा आणि दांडी जोडाच्या उंचीला, म्हणजे २५ सेंमीवर, धरून आकडा वाचायचा. दीड ते अडीच किलो आला तर निघा. पाटावर एक्सलची रेघ खडूने नव्हे, रंगाने मारून ठेवा. बाजारात प्रत्येक वेळी काटा काढत बसणार नाही, रेघ मात्र दिसते. पाण्याचा जार आडवा ठेवायचा नाही, तो गडगडतो आणि त्याबरोबर मध्यही सरकतो. उभा ठेवून खाली रबरी चटई आणि कमरेला रॅचेट पट्टा.

ट्रेलर उलटतो कसा, हेही आकड्यांत बघण्यासारखं आहे. सायकल वळताना आत कलते, ट्रेलर कलत नाही. चाकांमधलं अंतर ५० सेंमी आणि ओझ्याचा मध्य जमिनीपासून ४० सेंमी असेल, तर ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किमीला आतलं चाक उचलायच्या बेतात येतं. मध्य ६० सेंमीवर गेला, म्हणजे कॅरेटवर कॅरेट ठेवलं, तर तेच १६ किमीला होतं. हे सपाट रस्त्यावर. आतलं चाक चेंबरच्या झाकणावर किंवा दगडावर चढलं तर त्याच्याही खूप आधी. म्हणून एकच थर, जड माल खाली, आणि वळणावर वेग १० च्या खाली. जास्त रुंद ट्रेलर कमी उलटतो हे खरं, पण फोल्डिंगचं हँडल ५५-५८ सेंमीचं असतं. ट्रेलर त्याहून रुंद असेल तर हँडल जिथून गेलं तिथे ट्रेलर अडकतो. बाहेरून बाहेर ५८ सेंमी ही आमची हद्द.

नागपूरच्या रस्त्यांनी चाकांचा निर्णय सोपा केला. सिमेंट रस्ता आणि बाजूचे गट्टू यांच्यात बऱ्याच ठिकाणी तीन-चार बोटांची पायरी असते. सायकल काठाने चालवली की ट्रेलरचं डावं चाक त्या पायरीवरून खाली जातं आणि परत वर येताना ट्रेलर आडवा खेचतो. १२ इंची चाक अशा पायरीला अडखळतं, १६ इंची बरंच सहज चढतं. दुमडल्यावर १२ इंची लहान होतं, वजन जोडीमागे साधारण किलोभर कमी. तरी १६ इंची घ्या असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि काठापासून मीटरभर आत चालवा. १६ इंचीतही माप बघा: मुलांच्या सायकलच्या चाकाची रिम ३०५ मिमीची, त्याचे टायर-ट्यूब कुठल्याही सायकल दुकानात मिळतात. ब्रॉम्प्टनसारख्या सायकलींच्या १६ इंची चाकाची रिम ३४९ मिमीची, ते इथे शोधत बसावं लागतं. ट्यूबला मोटारसायकलसारखा वॉल्व्ह घ्या, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. हवा ३५-४० पीएसआय. त्याहून कडक टायर रिकाम्या ट्रेलरला उडवतो.

विकत घ्यायचा की करून घ्यायचा? बाहेरचे नमुने अभ्यासाला उत्तम आहेत. नेदरलँड्सच्या रॅडिकल डिझाइनचा सायक्लोन पिशवीचा आहे, कॅरी फ्रीडमचा वाय-फ्रेम सपाट पाटाचा आणि पूर्ण चपटा होणारा, आणि बाईक फ्रायडेची तर सायकल ठेवायची सुटकेसच चाकं लावून ट्रेलर बनते. पण जोडाचा एखादा भाग तुटला की तो इथे मिळत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचा तर हिशेब असा: २० मिमी चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाईप, १८ गेज, मीटरला ७०० ग्रॅम. पाटाची चौकट, दोन आडव्या पट्ट्या आणि दांडी मिळून सव्वाचार मीटर, म्हणजे ३ किलो. ६ मिमी मरीन प्लायचा पाट ९०० ग्रॅम, १६ इंची दोन चाकं पावणेतीन किलोच्या घरात, जोड आणि नट-बोल्ट मिळून अर्धा किलो. सगळा ७ किलोच्या आसपास. तोच २५ मिमी अ‍ॅल्युमिनियम पाईपमध्ये (जाडी दीड मिमी, मीटरला ३८० ग्रॅम) साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो, पण अ‍ॅल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं आणि ते सगळ्यांना जमत नाही. कोपऱ्याला पट्ट्या लावून बोल्ट आणि नायलॉक नटांनी जोडणं जास्त भरवशाचं.

करून घेताना मोडतं ते बहुतेक चाकाच्या एक्सलपाशी. मुलांच्या सायकलचं चाक दोन्ही बाजूंनी धरण्यासाठी केलेलं असतं. ते एकाच बाजूने टांगलं तर ३/८ इंची एक्सल आट्यांच्या खाचेत वाकतो, पहिल्याच खोल खड्ड्यात सुद्धा. एक तर चाकाच्या बाहेरून दुसरी पट्टी देऊन दोन्ही बाजूंनी धरा, नाही तर व्हीलचेअरसारखा १२ मिमी पिनचा हब घ्या. पिनचा हब महाग, पण बटण दाबून चाक निघतं आणि ट्रेलर पलंगाखाली जातो. दांडीही चौकटीला वेल्ड न करता दोन बोल्टांवर ठेवा, एक बोल्ट काढला की ती पाटाखाली फिरते.

चाचणी रविवारी सकाळी, सिव्हिल लाइन्सचे रुंद रस्ते मोकळे असताना. आधी रिकामा ट्रेलर, कारण गतिरोधकावर रिकामाच जास्त उडतो. मग १० किलो वाळूची पिशवी, मग २५. प्रत्येक वेळी पाच गोष्टी: डावं वळण, उजवं वळण, यू-टर्न, ब्रेक, गतिरोधक. डाव्या घट्ट वळणात दांडी टाचेला आणि उजव्या घट्ट वळणात मागच्या टायरला लागते का बघा, फोल्डिंगचा मागचा चिमटा आखूड असल्याने टाच जवळ येते. ब्रेकचं गणित सरळ आहे. चालवणारा ७० किलो आणि सायकल १२, एकूण ८२. ट्रेलर ६ आणि ओझं २५ मिळवले की ११३. ब्रेक तेवढाच दाबला तर थांबायला ३८ टक्के जास्त अंतर लागतं. ब्रेकचे रबर नवे टाकूनच सुरुवात करा, आणि दोन्ही ब्रेक एकदम, मागचा किंचित आधी.

गिअरबद्दल थोडंच. ५२ दात्यांची पुढची चक्री आणि मागे सगळ्यात मोठी २८ ची असेल तर नागपूरच्या सपाट रस्त्यांना पुरतं. सेमिनरी हिल्सच्या चढाला २५ किलो घेऊन ते जड जातं, तिथे पुढे ४४-४६ ची चक्री बरी. उड्डाणपूल टाळा, खालचा रस्ता धरा. चढावर वेग पडतो आणि उतारावर ट्रेलर ढकलतो, दोन्हीकडे मागची वाहनं वेगात असतात.

मेट्रोने जायचं असेल तर ट्रेलर हाताने ओढता येईल असा हवा, कारण एका हातात १२ किलोची दुमडलेली सायकल असते. दांडीच्या टोकाला मूठ आली की काम होतं. सरकत्या जिन्यावर अजिबात नाही, लिफ्टने. सीताबर्डीला मार्गिका बदलायची असेल तर गर्दीची वेळ सोडून जा.

माल बांधायला बंजी दोर नको, विदर्भातल्या उन्हात त्याचं रबर एका मोसमात जीव सोडतं. नायलॉनचे पट्टे टिकतात. प्लायच्या कडा रंगाने बंद करा, पावसाचं पाणी कडेतूनच शिरतं. ओझ्यामागे सायकलचा दिवा झाकला जातो, म्हणून मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर ट्रेलरवरच, आणि मीटरभर उंच काठीवर भडक झेंडी. गाडीच्या आरशात ट्रेलर दिसत नाही, झेंडी दिसते. बाभळीच्या काट्यांसाठी १६ इंची एक जादा ट्यूब पाटाखाली बांधून ठेवा.

जोडाचा नट पहिल्या काही फेऱ्यांत थोडा बसतो, तो परत कसावा लागतो. कसून झाल्यावर नटावरून पट्टीवर येणारी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. निघताना वाकून एक नजर टाकली की रेघ सरळ आहे की सरकली ते कळतं. सरकली असेल तर १५ नंबरचा पाना तिथेच काढायचा, म्हणून तो पाना घरी नाही, सीटखालच्या पिशवीत.